आढळला नाही

६ ऑक्टोबर

रुद्रेशचे केस कुरळे आहेत. आमच्या घरात कोणाचेच नाहीत.

हे आज पहिल्यांदा दिसलं असं नाही. आज लिहिलं, इतकंच. आडत दुकानात माल बघताना माझ्या हातात लोखंडी नळी असते. पोत्याच्या तोंडाशी सोयाबीन नेहमी चांगलंच असतं. नळी मधोमध खुपसली की खरा माल तळहातावर येतो. घरात अशी नळी नाही. म्हणून लिहितो.

मुलगा साडेतीन वर्षांचा. जन्मतःच हृदयात छिद्र. दूध नीट ओढलं नाही, मान उशिरा धरली, चालला तेही फार उशिरा. बोलत नाही. दोन डोळ्यांत अंतर जास्त. कुठल्याही दवाखान्यात नेलं की डॉक्टर आधी त्याच्याकडे पाहतात, मग आमच्याकडे, आणि विचारतात, "नात्यात लग्न आहे का?"

आहे. महेश्वरी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. मुरुमपासून आळंदपर्यंत आमच्या लिंगायतांत मामानं भाची करणं यात कुणाला विशेष वाटत नाही. उलट मामा घरात असताना पोरगी बाहेर दिली तर लोक विचारतात, काय खोट होती. महेश्वरी अजून मला मामाच म्हणते.

आज दुपारी ती दुकानात आली. ती सहसा येत नाही. गादीजवळ उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "मामा, मला दिवस गेलेत."

काट्यावर पोती होती. मी हमालांना थांबायला सांगितलं.

"किती?"

"दोन महिने होत आले. रिपोर्ट कधी येणार?"

ऑगस्टमध्ये सोलापुरात आम्हा तिघांचं रक्त घेतलं, त्याचा रिपोर्ट. हैदराबादला पाठवलंय. रुद्रेशला हे कशामुळं झालं ते त्यात कळेल असं तिथल्या जनुकांच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडम म्हणाल्या होत्या.

"येईल."

"त्याच्याशिवाय मी काय ठरवणार न्हाय. पुन्हा असंच होणार असंल तर हे ठेवायचं न्हाय. एका लेकराला घेऊन फिरते ती फिरते. दुसऱ्याला असं जन्माला घालायची माझी छाती न्हाय."

ती गेली. हमाल विचारत होते, मालक, करायचं का चालू.

दोन महिन्यांपूर्वी श्रावण लागत होता. मी बहुतेक दिवस लातूरला होतो. मधे घरी आलो होतो, हेही खरं.

९ ऑक्टोबर

दुकानाची पिकअप ईरण्णा चालवतो. महेश्वरीला आणि रुद्रेशला सोलापूरला तोच नेतो. सीझनमध्ये मला दुकान सोडता येत नाही. सीझन नसतो तेव्हा इतर कामं असतात.

आज हृदयाची तपासणी होती. छिद्र थोडं लहान झालंय म्हणतात. गाडी आली तेव्हा रुद्रेश ईरण्णाच्या खांद्यावर बसून त्याची टोपी ओढत होता. मी हात पुढे केले तर त्यानं तोंड फिरवलं.

"सवय झाली त्याला," ईरण्णा म्हणाला. "मालक, तिथली नर्सबाई आज मलाच बोलली. म्हणती, बाप असून पोराचं वजन ठाऊक न्हाय? म्या म्हणलं, बाई, बाप मुरुमात गावाची वजनं करतोय, म्या नुसता स्टेअरिंगचा माणूस."

हमाल हसले. महेश्वरीही हसली. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

ईरण्णानं टोपी काढून कपाळ पुसलं. त्याचे केस कुरळे आहेत.

१३ ऑक्टोबर

अक्का आळंदहून आली. शिवम्मा अक्का माझी बहीण आणि सासूही. लग्नानंतर मी तिला तुम्ही म्हणावं असं ठरलं होतं. तोंडात तूच येतं.

आल्या आल्या तिनं मला ओसरीवर धरलं. "शंभू, ते रगत परत मागव."

"रक्त परत येतं का अक्का?"

"मग रिपोर्ट आला तरी उघडू नको. गाव आधीच म्हणतंय, शिवम्मानं घरातलं घरात केलं आणि लेकराची माती केली. कागदावर तेच लिहून आलं की झालं. सगळा ठपका माझ्या डोक्यावर."

"गावाला कोण वाचून दाखवणार आहे?"

"तू न्हाय दाखवणार. ही वाचंल की. बीएस्सी हाय ती."

आतून महेश्वरीचा आवाज आला. "बीएस्सी न्हाय अव्वा. दुसऱ्या वर्षातच मला उठवलं तुमी."

अक्कानं नाक फुलवून वास घेतला. मग म्हणाली, "शेंगापोळी करपायली बघ."

संध्याकाळी ईरण्णा ट्रकबरोबर नळदुर्गला निघाला तर महेश्वरीनं त्याला डबा दिला. उपाशी गाडी हाणतो, म्हणाली. त्याच्या डब्यात चार पोळ्या होत्या. माझ्या ताटात तीन होत्या.

१८ ऑक्टोबर

आवक फार आहे. ओल्या मालाचे शेतकरी मॉइश्चर मशीनवर विश्वास ठेवत नाहीत आणि मी त्यांच्यावर. दिवसभर तेच.

मला एका अर्थी रिपोर्ट वाईट यावा असंच वाटतं. एकच रक्त दोन्हीकडून आलं म्हणून झालं, असं निघालं, तर दोष माझा, तिचा, अक्काचा. वाटला की हलका होतो. महेश्वरीला हे बोललो नाही. ती रोज जेवण वाढताना विचारते, आला का. मी नाही म्हणतो. ते आतापर्यंत खरं आहे.

२४ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. मोबाईलवर आला. फॉर्मवर माझा नंबर आहे.

गोदामात जाऊन बसलो. इंग्रजी आहे, पण लागलं. सीडीके १३ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल. हे कधी ऐकलेलं नाही. शोधून वाचलं. त्या जनुकापासून एक एन्झाइम बनतं, किनेज जातीचं. पेशीत जनुकांची नक्कल उतरवणारं एक यंत्र असतं. किनेज त्या यंत्राला फॉस्फेटची खूण लावतं. खूण लागली की नक्कल शेवटापर्यंत उतरते, नाही तर मधेच तुटते. काटा झालेल्या पोत्यावर आमचा हमाल खडूनं रेघ मारतो. रेघ नसलेलं पोतं ट्रकवर चढत नाही. मी तसं समजून घेतलं. पोटात बाळाचं हृदय, चेहरा, मेंदू घडत असतात तेव्हा या नकलांची फार गरज असते. तेव्हाच त्या कमी पडल्या तर काय होतं, ते पुढं लिहिलं होतं. हृदयात छिद्र. दूध ओढता न येणं. चालणं उशिरा, बोलणं उशिरा. डोळ्यांत अंतर. मी रुद्रेशबद्दलच वाचत होतो.

पुढं कुरळे केस असंही लिहिलं होतं. ते दोनदा वाचलं. इंटरनेटवर लोक काहीही लिहितात.

रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर खाली दोन ओळी होत्या. वडील: बदल आढळला नाही. आई: बदल आढळला नाही.

म्हणजे नात्यातल्या लग्नाचा यात संबंध नाही. उठलो. महेश्वरीला सांगायला निघालो. चप्पल पायात घातली.

मग पुन्हा बसलो.

२५ ऑक्टोबर

रात्री झोप नाही. हिशोब साधा आहे. मुलाला जे मिळतं ते आईकडून मिळतं किंवा बापाकडून. आईत नाही. म्हणजे बापाकडून आलं. माझ्यात नाही.

यात चूक कुठं आहे ती मी सकाळपासून शोधतोय. सापडत नाही.

जेवताना तिनं विचारलं, "आला का?"

"नाही."

"दिवाळी तोंडावर हाय. लोकं सुट्टीवर गेली असतील."

"असतील."

कारण तिनंच शोधून दिलं. खोटं बोलण्यात मला मदत का करते?

२८ ऑक्टोबर

रुद्रेश झोपला होता. मी त्याच्या पायाशी बसून बोटं पाहिली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. माझंही तसंच आहे. माझ्या वडिलांचंही होतं.

पण असं बोट कुणाचंही असतं. दुकानात अनवाणी हमाल असतात. दिवसभर खाली पाहत होतो. निदान दोघांचं तसं होतं.

महेश्वरी दारात उभी होती, मला आधी दिसली नाही. "काय बघताय मामा?"

"काही नाही."

"पाय गार हायेत त्याचे?"

"नाही."

ती येऊन शेजारी बसली. म्हणाली, "तुमी त्याच्याजवळ असं बसलेलं बघून बरं वाटलं."

सोलापूरहून मॅडमचा फोन दोनदा आला. उचलला नाही. रिपोर्टवर बोलायला दोघांनी या असा त्यांचा मेसेजही आहे. दोघांनी. परक्यासमोर ते वाक्य उघड ऐकायचं आणि शेजारी ती बसलेली, हे मला जमणार नाही. आधी माझं मला कळू दे.

२ नोव्हेंबर

पाडवा. महेश्वरीनं ओवाळलं. तिच्या चेहऱ्यावर थकवा आहे, सकाळी उलट्या होतात. अक्का दिवाळीला आली नाही. फोनवर म्हणाली, रिपोर्टाआधी तुमच्या दारात यायला पाय उचलत न्हाय.

दुपारी ईरण्णा फराळाचा डबा घेऊन आला. मला बाजूला बोलावून म्हणाला, "मालक, मागं सोलापुरात औषध आणायला गेलतो तवा काउंटरवरची पोरगी म्हणत होती, रिपोर्ट पाठवलाय म्हणून. तुमच्या फोनवर. बघा बरं, कुठं दबून बसला असंल."

"ती चुकीचं सांगते."

"व्हय का? मग पुन्हा विचारतो."

"तू कशाला विचारतोस? तुला काय करायचंय?"

"बाईंना म्या बोललो न्हाय काही. आधी तुमाला सांगावं म्हणलं."

आधी मला. म्हणजे नंतर तिला. म्हणजे दोघांत रिपोर्टविषयी बोलणं होतं. मी त्याला उद्यापासून लातूरला तेलमिलच्या गाड्यांवर जायला सांगितलं. महिनाभर तिथंच राहा म्हणालो.

"आणि लेकराची पुढची तारीख?"

"बघू."

"बघू म्हंजे मालक, त्याचं हृदय हाय ते, काटा न्हाय बंद ठेवायला," तो म्हणाला. मग स्वतःच हात जोडून निघाला. दारातून त्यानं आत रुद्रेशकडं पाहिलं. मी मधे उभा होतो.

६ नोव्हेंबर

आज विचारलं.

सकाळी महेश्वरी पूजेला बसली होती. गळ्यातलं इष्टलिंग वस्त्रातून काढून डाव्या तळहातावर घेतलेलं. आमच्यात लिंग हातावर असताना कुणी खोटं बोलत नाही. लहान असताना भांडण तोडायचं तर आई आम्हाला तसंच विचारायची. म्हणून मी ती वेळ धरली. मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "हातावर लिंग आहे. रुद्रेश कुणाचा ते सांग."

तिनं वर पाहिलं नाही. लिंगाला विभूती लावली. बेलाचं पान वाहिलं. डोळे मिटले. रोजच्याइतकाच वेळ. मग लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात बांधलं, उठली आणि म्हणाली, "त्याची खीर गार व्हायली."

एवढंच.

ती खोटं बोलली नाही. पण बोललीच नाही. जिला खरं सांगता येतं ती बाई सांगेल की. एक शब्द लागतो.

७ नोव्हेंबर

आज जेवताना तिनं रिपोर्टचं विचारलं नाही.

१० नोव्हेंबर

अजूनही विचारत नाही. रुद्रेशला घेऊन पुढच्या खोलीत झोपते. मला वेळेवर चहा, जेवण, सगळं मिळतं. कशातच खोट काढता येत नाही. कुणाच्या मालात जराही खोट निघत नाही तेव्हा मी जास्त जपून असतो.

ईरण्णानं लातूरहून फोन केला. लेकरू कसंय, विचारलं. बरा आहे म्हणून ठेवला. त्याचा फोन तिलाही गेला का, ते पाहायला तिचा मोबाईल हातात घेतला. ती समोरच होती. तिनं स्वतः कुलूप उघडून दिलं आणि भाकरी थापत राहिली. काही नव्हतं. काढून टाकलेलं असू शकतं.

१३ नोव्हेंबर

अक्का आली. कुणी बोलावलं ते सांगितलं नाही. संध्याकाळभर दोघी आत कानडीत बोलत होत्या. मला कानडी येतं, पण त्या दोघी फार भरभर आणि दबून बोलतात. अक्का पुन्हा पुन्हा "बेडा, बेडा" म्हणत होती. नको, नको. काय नको, ते कळलं नाही. मी आत गेलो की दोघी गप्प.

जेवायला बसलो तर अक्का म्हणाली, "उद्या उमरग्याला जातो आम्ही."

"कशाला?"

"बायकांची कामं असत्यात."

"गाडीनं सोडतो."

"नको मामा," महेश्वरी म्हणाली. "बस हाय."

लातूरची बसही उमरग्याहूनच सुटते.

१४ नोव्हेंबर

सकाळी त्या रुद्रेशला घेऊन गेल्या. मी दुकानात न जाता आधी ईरण्णाला फोन लावला.

"कुठं आहेस?"

"मिलच्या गेटावर मालक. पुढं धा गाड्या हायेत."

"एकटाच?"

"माझ्याबरं कोण असणार? क्लीनर हाय. देऊ का?"

मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. हॉर्न उमरग्यातही वाजतात. तरी क्लीनरला फोन द्यायला सांगितलं. तो लातूरच म्हणाला.

फोन ठेवला तोच अनोळखी नंबरावरून फोन आला. मला वाटलं कुणीतरी काही सांगणार. उचलला. राजेश्वरी मॅडम होत्या.

"शंभुलिंग, तुम्ही माझे फोन का घेत नाही? तुमच्या मिसेसनी काल इथं रिसेप्शनला फोन करून विचारलं, गर्भ काढायचा तर कुठल्या महिन्यापर्यंत काढता येतो. मला आज कळलं. तुम्ही त्यांना रिपोर्ट सांगितलात ना?"

मी घराचं दार लावून घेतलं.

"नाही सांगितला?"

"मॅडम, तो माझ्यात नाही. तिच्यातही नाही. मग आला कुणाकडून?"

"कुणाकडूनच नाही. नवीन झालाय. आईबापांकडून जनुकं मुलाकडे जाताना दर वेळी थोडीशी चूक होते. बहुतेक वेळा ती कुठंतरी बिनमहत्त्वाच्या जागी पडते. या वेळी सीडीके तेरामध्ये पडली. हा आजार बहुतेक घरांत असाच येतो. नात्यातल्या लग्नानं वाढणारे आजार वेगळे. तेही यात पाहिलेत, सापडले नाहीत. पुढच्या बाळाला हाच होण्याची शक्यता शंभरात एखादी. हे त्यांना कळायला हवं होतं, म्हणून तर दोघांना बोलावत होते."

"नवीन झाला, हे कशावरून?"

मला वाटतं तेव्हा त्यांना समजलं. पुढचं त्या सावकाश बोलल्या. "नवीन असं लिहायच्या आधी लॅब तिघांचं रक्त एकमेकांशी ताडून बघते. मूल याच आईचं आणि याच बापाचं आहे ना, ते. नसतं तर हे असं लिहिताच आलं नसतं. तिघांचं रक्त त्यासाठीच घेतो."

"हे लेखी आहे?"

"शेवटच्या पानावर. तुम्ही वाचलं नाही?"

मी दुसऱ्या पानावर थांबलो होतो.

तीच तारीख, पुढे

मोटारसायकलवर उमरग्याला गेलो. स्टँडच्या मागं बायकांचा एक दवाखाना आहे, तिथंच त्या भेटल्या. बाहेरच्या बाकावर महेश्वरी, शेजारी अक्का, अक्काच्या मांडीवर रुद्रेश बिस्किट चोखत. महेश्वरीनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. तिचं नाव अजून पुकारलं नव्हतं.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मॅडम जसं म्हणाल्या तसं. नकलांचं, खुणेचं, नवीन चुकीचं. शंभरात एखादं, तेही.

अक्काला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग म्हणाली, "म्हंजे घरातल्या रगताचं न्हाय?"

"नाही."

"माझ्यामुळं न्हाय?"

"नाही अक्का."

तिनं पदर तोंडाला लावला. रडत होती. रुद्रेशनं बिस्किट तिच्या तोंडाशी नेलं.

महेश्वरी माझ्याकडं पाहत होती. ती रडली नाही. "कधी आला?"

"काय?"

"रिपोर्ट, मामा. त्याची वाट बघून बघून इथं आले मी. कधी आला?"

आज सकाळी म्हणता आलं असतं. मॅडमचा फोन आजच आला होता. पण अक्का पदराआडून पाहत होती, आणि ती मला लहानपणापासून ओळखते.

"दिवाळीच्या आधी."

महेश्वरीनं मान हलवली. मनात काहीतरी मागे मागे जाऊन लावत होती. मला ते दिसत होतं. मग म्हणाली, "म्हणून त्या सकाळी विचारलं."

"मला वाटलं..."

"कळलं काय वाटलं ते."

"तू तेव्हाच सांगितलं असतंस तर..."

"हातावर लिंग घेऊन बसलेल्या बाईला जो असं विचारतो, त्याला उत्तर देऊन काय मिळतं? उद्या तो आणखी कशावर तरी हात ठेवायला सांगंल."

आतून नर्सनं तिचं नाव पुकारलं. महेश्वरी उठली, दारापर्यंत गेली आणि नर्सला म्हणाली, "न्हाय करायचं बाई. माझं नाव काढा." परत येऊन तिनं अक्काकडून पाण्याची बाटली घेतली आणि बरंच पाणी प्यायली.

मी म्हणालो, "चला, घरी जाऊ. गाडी मागवतो."

अक्का उठली. रुद्रेशला काखेत घेतलं. तिचा आवाज वेगळाच होता. "शंभू, तू माझा भाऊ म्हणून पोरगी दिली. परका असतास तर चार गावं फिरून चौकशी केली असती."

"अक्का, माझी चूक झाली म्हणतोय ना."

"अजून म्हणला न्हाईस," महेश्वरी म्हणाली. ती माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत बोलली. लगेच पुन्हा तुम्हीवर आली, ते मला जास्त लागलं. "रुद्रेशचं तुमच्याकडं आता लेखी हाय. सांभाळून ठेवा. पण पोटात हाय त्याचं रगत मी कुठं द्यायची न्हाय. तुमाला काय समजायचं ते समजा. जन्मभर समजत बसा."

"कुठं निघालीस?"

"आळंदला."

"किती दिवस?"

ती चालू लागली. स्टँडवर मी त्यांच्या मागे मागे गेलो. आळंदची बस लागलेली होती. अक्कानं मला बॅग उचलू दिली, आत ठेवूही दिली. मी खिडकीशी उभा राहिलो. माफ करा म्हणायचं होतं. कुणाला आधी म्हणावं ते ठरेना. आणि अक्काला तुम्ही म्हणायची मला सवय नाही. बस निघाली.

१५ नोव्हेंबर

ईरण्णाला परत बोलावलं. संध्याकाळी आला. घर बंद पाहून म्हणाला, "बाई आणि लेकरू?"

"आळंदला."

"पुढच्या मंगळवारी सोलापूरची तारीख हाय त्याची. आळंदहून न्यावं लागंल. पहाटं निघतो म्या."

"मी येतो बरोबर."

त्यानं टायरवर पाय मारून हवा बघितली. मग म्हणाला, "मालक, रागावू नका. बाईंना आधी विचारतो."

त्याच्याकडं आळंदचा नंबर आहे, हे मला माहीत नव्हतं. आत्ता लिहिताना लक्षात येतं की लेकराला दवाखान्यात नेणाऱ्याकडं नंबर असणारच. पण आधी जे मनात आलं ते आलंच.

१७ नोव्हेंबर

शेवटचं पान वाचलं. मॅडम म्हणाल्या तसंच आहे. पुन्हा वाचलं. लॅबचं नाव, सही, शिक्का सगळं आहे. लॅबच्याही चुका होतात, असं कुठं लिहिलंय का ते शोधायला बोट मोबाईलवर गेलं होतं. मोबाईल पालथा ठेवला.

संध्याकाळी अक्काला फोन लावला. तिनं उचलला. बोलली नाही, पण ठेवलाही नाही. मी म्हणालो, "अक्का, माझं चुकलं. तिला सांगा." तुम्ही म्हणालो. पलीकडून भांड्यांचे आवाज येत होते.

मग रुद्रेशचा आवाज आला. "ये," तो म्हणाला. अगदी स्पष्ट. "ये, ये." कधीतरी या दिवसांत त्याला शब्द फुटला आणि मला कुणी सांगितलं नाही. फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिलो.

तो कुणाला तरी बोलावत होता. घरात कोण पुरुष आलाय, हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला.

मी तो विचारला नाही. पण आला होता.